प्रा. देवधर : एका प्रांताचा फलंदाज

पुनावळ्याहून बाह्यवळण मार्गाने किवळ्याच्या पुढे गेले की गहुंजे येते. तेथील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम २०१२ साली खुले झाले. पुण्याचे नाव लावणारे दोन संघ या मैदानावर नांदले आणि विसर्जित झाले. पुणे वॉरियर्स २०१३च्या हंगामानंतर गेला, रायझिंग पुणे सुपरजायंट २०१७नंतर. २०१८मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचा संघच येथे मुक्कामाला आला आणि गहुंजे हे त्याचे घरचे मैदान ठरले. संघाचे गाव कोणते, हे आता गावाच्या हाती राहिलेले नाही. ज्या पुणेकराने महाराष्ट्राला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले, त्या प्रा. दि. ब. देवधरांच्या चरित्रात मात्र हा प्रश्न फार आधीपासून दिसतो.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात युरोपियन आणि पारशी यांच्यातील प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. १९०७मध्ये हिंदू संघ त्यात आला आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी. खेळाडू कोणत्या संघाचा, हे त्याच्या जन्मावरून ठरत असे. देवधर १९११मध्ये हिंदू संघातून प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये उतरले. व्यवसाय मात्र संस्कृतच्या अध्यापनाचा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील हा प्राध्यापक मैदानावर हौशी म्हणूनच वावरला.

१९२६मध्ये आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. मुंबई जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या, तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तो १९३२मध्ये. तोवर त्यांनी चाळिशी गाठली होती आणि त्यांचे वय निवडीच्या आड आले. कसोटीची टोपी त्यांच्या डोक्यावर कधीच चढली नाही. भारतीय क्रिकेटमधील अन्यायांची यादी कोणी केलीच, तर हा अन्याय बराच वर लागेल.

१९३४-३५मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली आणि खेळाचा हिशेब बदलू लागला. येथे संघ धर्माचा नव्हता, प्रांताचा होता. परंतु प्रेक्षक, आणि म्हणून पैसा, मुंबईच्या सांप्रदायिक सामन्यांकडेच होता. १९३४मध्ये बॉबी तल्यारखान यांनी चौरंगीचे धावते समालोचन नभोवाणीवरून केले. मैदानाबाहेरचा श्रोताही आता त्या स्पर्धेला जोडला गेला. १९३७मध्ये ‘इतर’ हा पाचवा संघ आला. ब्रेबॉर्न स्टेडियमही त्याच वर्षी उभे राहिले, आणि पहिल्याच हंगामात हिंदू संघाने माघार घेतली. कारण धार्मिक नव्हते, आसनांच्या वाटपाचे होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने हिंदू जिमखान्याला देऊ केलेल्या जागा जिमखान्याला अपुऱ्या वाटल्या. तिकिटाचा वाटा कोणाचा, या प्रश्नावर एक अख्खा संघ स्पर्धेबाहेर बसला.

देवधरांची खरी थोरवी याच काळात, पंचेचाळिशी उलटल्यावर दिसली. महाराष्ट्राचे कर्णधार म्हणून त्यांनी १९३९-४०मध्ये संयुक्त प्रांताला हरवून रणजी करंडक जिंकला आणि पुढच्याच वर्षी मद्रासला हरवून तो राखला. पहिल्या विजयाच्या हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतील ते पहिले त्रिशतक. दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या, त्यांत अठ्ठेचाळीस वर्षांच्या कर्णधाराच्या २४६ होत्या. मुंबईने ६५० करून उत्तर दिले आणि पहिल्या डावातील पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. मुंबईसारख्या बलाढ्य शेजाऱ्याला असे रोखणे हे त्या काळी साधे काम नव्हते.

पण हा संघ एकत्र राहिला नाही. संस्थानिकांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपापले संघ बांधायला घेतले होते. हजारे बडोद्याच्या नोकरीत गेले आणि १९४२-४३मध्ये बडोद्याने रणजी जिंकली. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडूंना आपल्याकडे घेतले. महाराष्ट्राकडे असा राजाश्रय नव्हता. त्यानंतर २०२४-२५पर्यंत महाराष्ट्र तीनदा अंतिम फेरीत पोहोचला, करंडक एकदाही मिळाला नाही. देवधर मात्र हलले नाहीत. पन्नाशी ओलांडल्यावर १९४४मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके काढली, १०५ आणि १४१. पुढे ते प्रथमश्रेणी क्रिकेटमधून निवृत्त झाले. महात्मा गांधींनी १९४०मध्येच नापसंती व्यक्त केलेली पंचरंगी स्पर्धाही १९४६मध्ये बंद पडली. भरलेल्या मैदानाचे उत्पन्न सोडून तत्त्वासाठी स्पर्धा थांबवण्याचा तो प्रसंग भारतीय क्रिकेटमध्ये विरळाच म्हणावा लागेल.

निवृत्तीनंतर महाराष्ट्र असोसिएशनचे अध्यक्षपद, राष्ट्रीय निवड समिती, १९६५चा पद्मश्री, १९९१चा पद्मभूषण असे सन्मान आले. घरात खेळ इतका मुरला होता की तारा, सुमन आणि सुंदर या मुलींनी बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. १९७३-७४पासून मंडळाने एकदिवसीय सामन्यांचा आंतरविभागीय करंडक त्यांच्या नावे सुरू केला. पश्चिम, दक्षिण, उत्तर, पूर्व, मध्य असे भूगोलावर आखलेले संघ त्यात खेळत. प्रांतासाठी खेळलेल्या माणसाच्या नावाला ही रचना शोभत होती.

त्यांनी वयाची शंभरी पूर्ण केली आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ते वर्ष योगायोगाने संक्रमणाचे होते. सामने दाखवण्यासाठी मंडळानेच दूरदर्शनला पैसे मोजावेत, हा तोवरचा व्यवहार त्याच वर्षाच्या आरंभी इंग्लंडच्या दौऱ्यात मोडला. प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले गेले. देवधर गेल्यावर तीनच महिन्यांनी हिरो चषकावरून दूरदर्शन आणि क्रिकेट संघटना न्यायालयात भिडल्या. फेब्रुवारी १९९५मध्ये न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. दूरदर्शनची मक्तेदारी संपली आणि क्रिकेटचा खरा गिऱ्हाईक दिवाणखान्यात बसलेला आहे, हे मंडळाला उमगले.

अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळात हेच अधिक उघडपणे घडले. तेथे शेजारच्या विद्यापीठांचे प्रादेशिक गट असत. १९८४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संघटनेचे नियंत्रण मोडले आणि पुढे गट आपापले हक्क विकू लागले. चाळीस वर्षांत पैशाने भूगोल पुसला. २०२४मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ या गटातील बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली आणि लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांना साखळी सामन्यांसाठी न्यू जर्सी गाठावे लागू लागले.

भारतात २००८मध्ये आयपीएल आली. तिच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. देशांतर्गत वेळापत्रकात एवढ्या रकमेपुढे उभे राहणे ज्यांना जमले नाही, त्यांत देवधर करंडकही होता. २०१५-१६पासून विभाग रद्द होऊन तेथे भारत अ, भारत ब आणि विजय हजारे स्पर्धेचा विजेता असे तीन संघ आले. २०१८-१९मध्ये तेही जाऊन अ, ब, क एवढीच अक्षरे उरली. ज्या नावांचे कोणतेही गाव नाही, त्यांच्यासाठी स्टेडियमवर कोण येणार? २०१९नंतर करंडक थांबला. २०२३ साली तो पुन्हा विभागांमध्ये खेळवला गेला, पुदुच्चेरीत. अंतिम सामन्यात दक्षिण विभागाने पूर्व विभागाला ४५ धावांनी हरवले.