विश्लेषण : एरंडेल, कापूर आणि जगातले पहिले प्लास्टिक... अलेक्झांडर पार्क्स यांचा कारखाना दोन वर्षांत का बुडाला?

रेनकोट, बागेतला पाइप, रक्त साठवण्याची पिशवी. या वस्तू ज्या पीव्हीसीपासून बनतात ते मुळात कडक असते. त्यात तेलासारखे एक द्रव्य मिसळले की ते वाकू लागते. या द्रव्याला प्लास्टिसायझर म्हणतात. गेली अनेक दशके ही द्रव्ये मुख्यत: खनिज तेलापासून तयार होत आली. त्यातील ‘थॅलेट’ गटातल्या काहींचा आरोग्यावर परिणाम होण्याच्या शक्यतेमुळे युरोपीय महासंघाने २००५ मध्ये खेळण्यांतील त्यांच्या वापरावर कायमचे निर्बंध आणले. तेव्हापासून सोयाबीन, एरंड अशा वनस्पतींपासून पर्याय शोधण्याला वेग आला. ही कल्पना नवी वाटते, पण तशी ती नाही. जगातील पहिले मानवनिर्मित प्लास्टिक एरंडेल आणि कापूर घालूनच मऊ केले होते. ते करणाऱ्या माणसाची ही कहाणी.

अलेक्झांडर पार्क्स कोण होते?

पार्क्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८१३ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. वडील पितळी कुलपे बनवत. मुलगाही पितळेच्या ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पुढे विजेच्या साहाय्याने मुलामा देणाऱ्या एल्किंग्टन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात ते ओतकाम विभागाचे प्रमुख झाले. फुलांसारख्या नाजूक वस्तूंवर धातूचा थर चढवण्याची पद्धत त्यांनी शोधली. राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट कारखाना पाहायला आले तेव्हा त्यांना चांदीचा मुलामा दिलेले कोळ्याचे जाळे भेट देण्यात आले, ते पार्क्स यांच्याच हातचे.

शिशातून चांदी वेगळी काढण्यासाठी जस्त वापरण्याची त्यांची पद्धत धातुशास्त्रात आजही ‘पार्क्स प्रक्रिया’ म्हणून शिकवली जाते. उष्णता न देता रबर टिकाऊ करण्याची रीतही त्यांचीच. त्यांच्या नावावर साठहून अधिक पेटंटे होती. दोन विवाहांतून झालेली वीस अपत्ये होती. इतका व्याप सांभाळणारा माणूस व्यवहारात मात्र कच्चा राहिला, हे पुढच्या घटनांवरून दिसते.

पार्केसिन म्हणजे काय?

त्या काळी छायाचित्रकार काचेवर कलोडियन नावाचा द्राव पसरवत. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज विरघळवून तो तयार होई. द्राव उडून गेला की मागे एक चिवट पापुद्रा राहतो, हे पार्क्स यांनी हेरले. त्यापासून हस्तिदंत किंवा कासवाच्या कवचासारखी वस्तू घडवता येईल, अशी त्यांची कल्पना होती. १८५६ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. १८६२ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांनी या पदार्थाची पदके, बटणे, कंगवे, सुरीच्या मुठी मांडल्या आणि कांस्यपदक मिळवले. पदार्थाला नाव दिले स्वत:चेच, ‘पार्केसिन’.

खरी अडचण होती ती मऊपणाची. नुसते नायट्रोसेल्युलोज वाळले की आक्रसते आणि तडकते. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. त्यांच्यामध्ये छोटे रेणू शिरले तर साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात आणि पदार्थ वाकतो. हे स्पष्टीकरण फार नंतरचे. पार्क्स यांनी मात्र हातच्या अनुभवावर एरंडेल, सरकीचे तेल आणि कापूर वापरून पाहिले. एरंडेल नायट्रोसेल्युलोजला स्वत: विरघळवत नाही, मऊ ठेवते. प्रमाण जास्त झाले तर ते पृष्ठभागावर पाझरते. कापराचे तसे नाही. तो नायट्रोसेल्युलोजमध्ये एकजीव होतो.

मग घोडे कुठे अडले?

१८६६ मध्ये लंडनच्या हॅकनी विक भागात पार्केसिन कंपनी सुरू झाली. पार्क्स यांना माल स्वस्त विकायचा होता. त्यासाठी कच्चा माल हलका वापरला गेला आणि तयार वस्तू पुरेशा मुरू न देताच बाजारात गेल्या. द्राव आत राहिलेला असे. तो हळूहळू उडाला की कंगवा वाकडा होई, सुरकुतत असे. ग्राहकांनी माल परत पाठवायला सुरुवात केली. १८६८ मध्ये कंपनी बंद पडली.

कारखान्याचे व्यवस्थापक डॅनियल स्पिल यांनी ‘झायलोनाइट’ या नावाने तोच उद्योग पुढे नेला. तोवर अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हे बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होते. १८७० मध्ये त्यांनी कापूर आणि नायट्रोसेल्युलोज उष्णता व दाबाखाली एकत्र करण्याचे पेटंट घेतले. उडून जाणारा द्राव त्यांनी जवळजवळ काढूनच टाकला होता. हे सेल्युलॉइड बाजारात टिकले.

स्पिल यांनी कापराचा शोध आपला असल्याचा दावा करत अमेरिकी न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश सॅम्युअल ब्लॅचफोर्ड यांनी १८८० मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. १८८४ मध्ये त्याच न्यायाधीशांनी तो फिरवला. कापराचा वापर पार्क्स यांनी आधीच सांगितला होता, हा त्यातला कळीचा मुद्दा. म्हणजे श्रेय पार्क्स यांना मिळाले, पण त्यातून पैसा मात्र आला नाही. सेल्युलॉइड कोणीही बनवू शकेल, एवढेच त्या निकालाने झाले. २९ जून १८९० रोजी लंडनमध्ये पार्क्स यांचे निधन झाले.

कापूर आणि एरंडेलाचे पुढे काय झाले?

सेल्युलॉइडची मागणी इतकी वाढली की तैवानमधील कापराची जंगले जपानने १८९९ मध्ये सरकारी मक्तेदारीखाली आणली. (आज आपल्या आरतीच्या ताटातला कापूर बहुधा टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो, हे जाता जाता.) चित्रपटाची फीतही याच मिश्रणाची. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ टिपला गेला तो अशाच नायट्रेट फितीवर. कापूर वर्षानुवर्षे हळूहळू उडत राहतो, फीत आक्रसते आणि ठिसूळ होते. जुने चित्रपट जतन करणाऱ्यांची डोकेदुखी त्यात आहे. शिवाय नायट्रेट चटकन पेट घेते. एरंडेलही टिकले. नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेल्या नकली चामड्यात ते मऊपणासाठी घालत. आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो, ते मुळात अशाच एका ब्रिटिश मालाचे व्यापारी नाव.

१९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी अमेरिकेत पीव्हीसी मऊ करून दाखवले आणि पुढे बाजार खनिज तेलातून येणाऱ्या द्रव्यांकडे गेला. ती स्वस्त होती आणि पीव्हीसीत सहज मिसळत. वनस्पती तेलांचे घोडे आजही याच दोन मुद्द्यांवर अडते. प्रक्रिया केलेले सोयाबीन तेल पीव्हीसीत वर्षानुवर्षे वापरले जाते, पण बहुधा दुय्यम घटक म्हणून. प्रमाण वाढवले की ते पाझरून वर येते. एरंडेलाच्या रेणूत जादा हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांवर रासायनिक प्रक्रिया करून ते पीव्हीसीशी जुळवून घेईल असे करता येते आणि अशी द्रव्ये आज बाजारात आहेतही, मात्र थॅलेटपेक्षा महाग. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, त्यातही सर्वाधिक पीक गुजरातमध्ये येते. इथून त्यातले बरेचसे तेल परदेशी जाते.