यकृताच्या शिरांचा नकाशा काढणारे डॉ. तोन थात तुंग

यकृताच्या शस्त्रक्रियेत सर्जनला सगळ्यात मोठी धास्ती असते ती रक्तस्रावाची. या अवयवात रक्त खालच्या बाजूने येतं आणि वरच्या बाजूने तीन मोठ्या शिरांमधून बाहेर पडून हृदयाकडे जातं. अडचण अशी, की या शिरांची मांडणी प्रत्येकात सारखी नसते. बहुतेकांमध्ये मधली आणि डावी शीर शेवटी एकत्र येतात, तर काहींमध्ये त्या वेगवेगळ्या जातात. काहींच्या यकृतात उजवीकडे खाली एक जादा शीरही असते. हे वेगळेपण व्हिएतनामच्या एका डॉक्टरने बारकाईने अभ्यासलं. त्यांचं नाव तोन थात तुंग.

1912 साली जन्मलेले तुंग न्गुयेन राजघराण्याच्या एका शाखेतले. फ्रेंच राजवटीत त्यांनी हनोईला वैद्यकीय शिक्षण घेतलं. तिथे शवविच्छेदन करताना त्यांना एका यकृताच्या पित्तनलिका जंतांनी भरलेल्या दिसल्या. त्यामुळे आतली रचना स्पष्ट कळत होती. मग त्यांनी ध्यासच घेतला. 1935 ते 1939 या काळात एका साध्या खरवडणीने मांस काढत त्यांनी 200 हून अधिक यकृतांमधल्या रक्तवाहिन्या मोकळ्या केल्या आणि त्यांची चित्रं काढली. यावरच त्यांनी प्रबंध लिहिला.

या अभ्यासातून शस्त्रक्रियेची नवी पद्धत निघाली. यकृताबाहेर रक्तवाहिनी बांधायची, तर ती नेमकी कुठल्या भागाची हे आधी ठाऊक हवं. अंदाज चुकला, तर निरोगी भागाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून तुंग येणारं रक्त थोडा वेळ थांबवत, बोटांनी यकृताचा मऊ भाग फोडत आणि आत हाताला लागेल ती वाहिनी तिथेच बांधत. मात्र येणारं रक्त थांबवलं तरी वरच्या शिरांमधून रक्त उलटं येऊ शकतं. त्यामुळे त्या शिरा कुठून जातात हे माहीत असणं फार महत्त्वाचं होतं.

1939 मध्ये त्यांनी मेयर-मे या फ्रेंच सर्जनसोबत अशी शस्त्रक्रिया केली, पण वैद्यकीय जगाने तिला फारसा पाठिंबा दिला नाही. पुढे फ्रेंचांविरुद्धचं युद्ध सुरू झालं. तुंग हो ची मिन्ह यांच्या बाजूने गेले आणि जंगलातल्या रुग्णालयांत जखमी सैनिकांवर उपचार करू लागले. डिएन बिएन फूच्या लढाईतही ते होते.

शांतता आल्यावर हनोईच्या व्हिएत डुक रुग्णालयाचे प्रमुख म्हणून ते पुन्हा यकृताकडे वळले. 1963 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात त्यांची पद्धत छापून आली आणि जगभरातल्या सर्जनना ती कळली. यकृताचा भाग ते अवघ्या काही मिनिटांत काढत. अमेरिकेने युद्धात फवारलेल्या विषारी रसायनांचा आणि यकृताच्या कॅन्सरचा संबंध आहे का, याचाही त्यांनी शोध घेतला. 1977 मध्ये पॅरिसच्या सर्जरी अकादमीने त्यांना लानलाँग पदक दिलं. 1982 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज यकृताचा तुकडा दान करणाऱ्या नातेवाइकाचा आधी सीटी स्कॅन होतो. त्यात डॉक्टर प्रत्येक शीर मोजून पाहतात. जादा शीर बरीच मोठी असेल, तर तीही नव्या शरीरात जोडावी लागते. ती सुटली, तर तिथलं रक्त तुंबून तो भाग नीट काम करत नाही. तुंग यांना जे खरवडून शोधावं लागलं, ते आता शस्त्रक्रियेआधीच पडद्यावर दिसतं.