पाठीतले पाणी आणि डॉ. क्विंके

मणक्यातून पाणी काढायचे म्हटले की नातेवाईक आजही सही करताना अडखळतात. ही तपासणी रुळवली ती हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरांनी. जन्म १८४२चा. काही वर्षे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे प्राध्यापकी केल्यावर १८७८ पासून तीस वर्षे ते कील शहरात होते.

डोक्यात पाणी साठलेली लहान मुले त्यांच्याकडे येत. कवटीला हात न लावता तो दाब उतरवायचा कसा? मेंदूभोवतीचे पाणी मज्जारज्जूभोवतीही खेळते आणि मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याखाली पाण्यात नसांचे सुटे धागे असतात, ते सुईपुढून बाजूला सरकतात. क्विंके यांनी नेमकी तीच जागा निवडली आणि १८९१ मध्ये वीसबाडेनच्या वैद्यकीय परिषदेत पद्धत मांडली. नुसते पाणी काढून ते थांबले नाहीत. त्यांनी त्याचा दाब मोजला, प्रथिने आणि साखर तपासली. त्याच कीलमध्ये १८९८ साली आउगुस्ट बिअर यांनी पाठीतून भूल दिली. सिझेरियनच्या वेळी कमरेत देतात ते इंजेक्शन तिथूनच आले. शस्त्रक्रियागृहात एका प्रकारच्या सुईला अजूनही क्विंके यांचेच नाव आहे.

मज्जारज्जू वाचला, तरी वाटेत बारीक शिरांचे जाळे असते. एखादी शीर टोचली जाते, पाणी लालसर येते, रक्त गोठते आणि विषय संपतो. बहुतेक वेळा एवढेच. रक्त गोठलेच नाही, तर मात्र क्वचित बंदिस्त कण्यात गाठ वाढते आणि नसा दाबल्या जातात.

क्विंके १९२२ मध्ये वारले. हेपॅरिनचा शोध तेव्हा लागला होता, पण ते रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते. वॉरफरिन तर त्यानंतर तीसेक वर्षांनी आले. रक्त पातळ करणारी गोळी रोज घेणारा रुग्ण त्यांनी पाहिलाच नाही. आज झडप बदललेले, स्टेंट घातलेले, डेंग्यूने प्लेटलेट घटलेले रुग्ण समोर असतात. म्हणून सुईआधी गोळ्यांची चौकशी आणि गरजेनुसार प्लेटलेट व आयएनआर तपासणी होते. नुसती अ‍ॅस्पिरिन सहसा आड येत नाही. इतर गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टर ठरवतात. स्टेंटवाल्याने परस्पर बंद केल्या तर हृदयालाच धोका.

सुईनंतर पाठदुखी वाढत गेली, पाय बधिर झाले, पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर तातडीने एमआरआय लागतो. गाठ असेल तर ती काही तासांतच शस्त्रक्रियेने काढावी लागते. रात्री दोन वाजता त्रास सुरू झाला तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये.