मालगुडी साकारणारा कलावंत : शंकर नाग

१९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि भारतात दूरदर्शन मालिकांचे युग अवतरले. त्या काळी दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत असे व शेजारीपाजारी तेथे एकत्र जमत. अशा प्रेक्षकांना १९८७ मध्ये 'मालगुडी डेज' या मालिकेने एका छोट्या गावाची ओळख करून दिली. तिचे दिग्दर्शक होते शंकर नाग.

शंकर नाग यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी कर्नाटकातील होन्नावर येथे एका कोकणीभाषक कुटुंबात झाला. शिक्षणानंतर ते मुंबईत आले. बँकेत नोकरी करीत असतानाच ते मराठी रंगभूमीकडे ओढले गेले. '२२ जून १८९७' या १९७९ च्या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता.

गिरीश कर्नाड यांच्या 'ओंदानोंदु कालदल्ली' या कन्नड चित्रपटातील अभिनयाबद्दल त्यांना भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढे १९८० च्या 'ऑटो राजा' या चित्रपटातील रिक्षाचालकाच्या भूमिकेमुळे ते श्रमिकांचे लाडके नायक झाले. कर्नाटकातील अनेक रिक्षांवर त्यांचे चित्र आजही दिसते.

मालगुडी हे आर. के. नारायण यांनी आपल्या इंग्रजी कथांतून उभे केलेले काल्पनिक गाव. नारायण यांच्या कादंबरीवर १९६५ मध्ये 'गाईड' हा हिंदी चित्रपट निघाला होता. तो लोकप्रिय झाला. परंतु त्यात मालगुडीचे दक्षिणी रूप हरवल्याने लेखक नाराज झाले. त्यामुळे त्यांच्या कथा पुन्हा पडद्यावर आणणे ही मोठी जबाबदारी होती. शंकर नाग यांनी भव्य देखाव्यांचा मोह टाळला. पश्चिम घाटातील आगुंबे हे पावसाचे गाव त्यांनी चित्रीकरणासाठी निवडले. तेथील जुन्या घरांतून आणि रस्त्यांतून मालगुडी आकाराला आले. छोट्या स्वामीची भूमिका मास्टर मंजुनाथ याने, तर त्याच्या वडिलांची गिरीश कर्नाड यांनी केली. शंकर यांचे थोरले बंधू अनंत नाग यांनीही काही कथांत काम केले. मालिकेसाठी रेखाचित्रे काढली नारायण यांचे धाकटे बंधू, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी. एल. वैद्यनाथन यांची शीर्षकधून तर घरोघरी गुणगुणली जाऊ लागली.

शाळा चुकवणारा मुलगा, कडक शिस्तीचे वडील, प्रेमळ आजी अशी साधी माणसे या कथांत होती. भाषा हिंदी असली तरी वातावरण अस्सल कर्नाटकातील होते. तरीही देशभरातील प्रेक्षकांना त्यात आपलेच गाव दिसले. कथेचा आत्मा जपल्याबद्दल नारायण यांनीही समाधान व्यक्त केले.

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ झालेल्या मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले. तेव्हा ते केवळ ३५ वर्षांचे होते. बंगळूरमध्ये उत्तम नाट्यगृह असावे, हे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले. त्यांच्या पत्नी, अभिनेत्री अरुंधती नाग यांनी अनेक वर्षे झटून ते पूर्ण केले आणि २००४ मध्ये 'रंगशंकर' नाट्यगृह उभे राहिले. मालिकेत दिसलेल्या अरसाळू रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीत २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय सुरू झाले. लेखकाच्या कल्पनेतील गावाला शंकर नाग यांनी असा खराखुरा पत्ता मिळवून दिला.