विसरण्याची नोंद ठेवणारा डॉक्टर

करंजाच्या धक्क्यावर एखाद्या जुन्या तांडेलाला विचारा. तो बोटांवर तिथी मोजून भरतीची वेळ सांगेल. पाणी उधाणाचं की भांगाचं, यासाठी त्याला कॅलेंडर लागत नाही. आता समजा, असेच आपले आजोबा एका सकाळी चार वेळा विचारू लागले, आज तिथी कोणती? आपण वय झालं म्हणतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका डॉक्टरने असं डोकं फिरवलं नाही. त्याचं नाव अलॉइस अल्झायमर.

जन्म 14 जून 1864, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट गावी. कॉलेजात तलवारबाजीची हौस, आणि 1887 साली डॉक्टरकीचा प्रबंध कशावर, तर कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! पुढच्याच वर्षी तो फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात लागला. तिथे फ्रान्झ निस्सल हा जिवलग मित्र भेटला. दिवसा रुग्ण, रात्री सूक्ष्मदर्शक असा दोघांचा दिनक्रम होता.

1901 च्या सुरुवातीला त्याची पत्नी सेसिली वारली. पदरात तीन लहान मुलं. त्याने स्वतःला कामात बुडवून घेतलं. त्याच नोव्हेंबरात ऑगस्टे डेटर ही 51 वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. सुरुवात झाली होती ती नवऱ्यावरच्या संशयाने. मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू भलत्याच ठिकाणी लपवल्या जाऊ लागल्या. अल्झायमर तिच्याशेजारी बसून बोलायचा आणि सगळं लिहून ठेवायचा. ताटात फ्लॉवर असताना ती पालक सांगायची. स्वतःचं नाव लिहायला घेतलं की मध्येच अडायची.

पुढे तो म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेला, पण तिची चौकशी सोडली नाही. एप्रिल 1906 मध्ये ती गेली, तेव्हा त्याने तिची फाइल आणि मेंदू मागवून घेतला. मेंदू आक्रसलेला होता. पेशींच्या बाहेर गुठळ्या आणि आत तंतूंचा गुंता दिसला. म्हणजे हा निव्वळ म्हातारचळ नव्हता, आजार होता. 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत त्याने हे मांडलं. एकानेही प्रश्न विचारला नाही! 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्याचं नाव दिलं. 19 डिसेंबर 1915 रोजी ब्रेस्लाऊमध्ये अल्झायमर वारला. वय 51, ऑगस्टे पहिल्यांदा भेटली तेव्हा तिचं होतं तेवढंच. तिची हरवलेली फाइल फ्रँकफर्टमध्ये सापडली ती थेट 1995 साली.

या आजारावर आजही पूर्ण बरं करणारं औषध नाही. पण लवकर कळलं तर घराला तयारी करता येते. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि मग आठवणं, हे वयाचं. पण तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, रोजच्या वाटेवर चुकणं, सुट्टे पैसे मोजताना गोंधळणं, साधे शब्द न सुचणं, किल्ल्या फ्रिजमध्ये सापडणं, उगाच संशय घेणं, गप्पांतून अंग काढून घेणं, हे वाढत चाललं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कधी बी-12 ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यही असंच दिसतं, आणि त्यावर उपचार आहेत.

अल्झायमरने पहिल्या दिवशी काय केलं? कुठलंही मशीन लावलं नाही. शेजारी बसला, ऐकलं, तारीख घालून लिहिलं. एवढं आपल्यालाही जमेल. आज आजोबांनी तिथी किती वेळा विचारली, वहीत लिहा. चिडू नका, दर वेळी सांगा. आणि ती वही घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जा.