सहा मैल पाणी, पाचशे पौंड आणि वॉलेस

सर्व्हेइंगच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न म्हणजे कर्व्हेचर करेक्शन! किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग करायचा, ०.०७८५ ने गुणायचं, उत्तर मीटरमध्ये. रिफ्रॅक्शन धरलं तर ०.०६७३. कानेटकर-कुलकर्णी उघडून आपण हे पाठ करतो, ओरल झाली की विसरतो. पण हीच दुरुस्ती एका गृहस्थाला हजारेक पौंडांचा नाही तरी पाचशेहून जास्त पौंडांचा फटका देऊन गेली आणि वर पंधरा-वीस वर्षांचा मनस्ताप! त्या गृहस्थाचं नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनबरोबर ज्याचं नाव घेतलं जातं, तोच.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ चा, वेल्समधल्या अस्क गावाजवळचा. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलंच नाही. १८३७ पासून थोरल्या भावाच्या, विल्यमच्या हाताखाली तो जमीन मोजायला लागला. म्हणजे हा थोर निसर्गशास्त्रज्ञ आधी आपल्यासारखाच साखळी ओढणारा आणि लेव्हल लावणारा माणूस! मला तो आवडायला लागला तो इथूनच.

पुढे किडे गोळा करायचा नाद लागला. १८४८ साली बेट्स या मित्राबरोबर तो ॲमेझॉनच्या जंगलात गेला. चार वर्षं राबून परत निघाला, तर १८५२ मध्ये भर समुद्रात जहाजाला आग लागली. जवळजवळ सगळा संग्रह डोळ्यांदेखत जळाला आणि हा दहा दिवस उघड्या होडीत! आपली एक असाइनमेंटची फाईल हरवली तर आपण दोन दिवस जेवत नाही. हा पठ्ठ्या १८५४ मध्ये पुन्हा निघाला, आजच्या मलेशिया-इंडोनेशियाकडे. तिथे आठ वर्षांत १,२५,००० हून अधिक नमुने जमवले. १८५८ साली तापाने फणफणलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. ती त्याने लिहून डार्विनला पाठवली आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख एकत्र वाचले गेले. श्रेयावरून वॉलेसने कधी भांडण काढलं नाही. उलट १८८९ मध्ये स्वतः पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘डार्विनिझम’ ठेवलं.

आता आपल्या मुद्द्याकडे. त्या काळात इंग्लंडमध्ये पृथ्वी सपाट आहे असं सांगणारी मंडळी जोरात होती. त्यांचा गुरू सॅम्युअल रोबॉथम. त्याने ओल्ड बेडफर्ड नावाच्या सरळसोट कालव्यात उभं राहून, पाण्यापासून जेमतेम आठ इंचांवर दुर्बीण धरली आणि सहा मैलांवर जाणारी होडी शेवटपर्यंत दिसली, म्हणून पृथ्वी सपाट असं जाहीर केलं. यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. पाण्याला लागून असलेल्या हवेच्या थरांत प्रकाश इतका वाकू शकतो की वक्रतेमागे लपलेली वस्तूही दिसते.

रोबॉथमचा एक चेला, जॉन हॅम्पडन. त्याने जानेवारी १८७० मध्ये जाहीर पैज लावली : पाण्याचा पृष्ठभाग वक्र असल्याचं सिद्ध करा, ५०० पौंड घ्या! वॉलेसकडे तेव्हा कायमची नोकरी नव्हती आणि पैशाची चणचण होती. भूगर्भशास्त्रज्ञ लायेलचा सल्ला त्याने घेतला. लायेल म्हणाले, घे. दोघांनी पाचशे-पाचशे पौंड ‘द फील्ड’ या नियतकालिकाचे संपादक वॉल्श यांच्याकडे ठेवले.

५ मार्च १८७०. तोच कालवा, सहा मैलांवरचे दोन पूल. इथे जुना सर्व्हेयर जागा झाला. वॉलेसने दुर्बीण पाण्यापासून १३ फूट ३ इंचांवर ठेवली. दुसऱ्या पुलावर तेवढ्याच उंचीवर काळा पट्टा रंगवलेलं पांढरं कापड, आणि बरोबर मध्ये, तीन मैलांवर, खांबावर तेवढ्याच उंचीची लाल तबकडी. पृथ्वी सपाट असेल तर तिन्ही एका रेषेत. गोल असेल तर मधली तबकडी वर. जरा कॅल्क्युलेटर काढा. तीन मैल म्हणजे ४.८३ किलोमीटर. ०.०६७३ ने दुरुस्ती येते १.५७ मीटर, म्हणजे पाच फुटांच्या वर. दुर्बिणीत तबकडी चांगलीच वर दिसली!

मग लेव्हल लावून पाहिलं. मधली खूण क्रॉस हेअरच्या जेवढी खाली, तेवढीच तिच्या खाली शेवटची खूण. हॅम्पडनचा पंच कारपेंटर, तोही सपाटवाला, आनंदाने उड्या मारायला लागला : अंतरं सारखी, म्हणजे रेषा सरळ, म्हणजे पृथ्वी सपाट! अहो, पण सपाट असती तर तिन्ही खुणा क्रॉस हेअरवरच हव्या होत्या. तीन मैलांवर सहा फूट घसरण, सहा मैलांवर चोवीस फूट. प्रत्येकीला अंतराने भागा : दोनास चार. अंतरं सारखी दिसणं हाच वक्रतेचा पुरावा! आणि खुद्द हॅम्पडन? त्याने दुर्बिणीला डोळाच लावला नाही. कारपेंटरवर त्याचा पूर्ण विश्वास होता म्हणे.

वॉल्शनी निकाल वॉलेसच्या बाजूने दिला, पैसेही दिले. पण हॅम्पडनने पैसे परत मागितले आणि कोर्टात गेला. इंग्लंडच्या कायद्यात पैज वसूल करता येत नसे, त्यामुळे १८७६ मध्ये निकाल हॅम्पडनच्या बाजूने लागला. दरम्यान त्याने वॉलेसला चोर, लबाड म्हणणारी पत्रं शेजाऱ्यांना, संस्थांना, अगदी वॉलेसच्या बायकोलाही पाठवली. बदनामीबद्दल ६०० पौंडांची भरपाई मंजूर झाली, पण याने मालमत्ता आधीच जावयाच्या नावावर केलेली. तुरुंगात जाऊनही तो गप्प बसला नाही. वॉलेसचा एकूण खर्च पैजेच्या रकमेपेक्षा जास्त झाला. शेवटी १८८१ मध्ये डार्विनच्या खटपटीमुळे वर्षाला २०० पौंड सरकारी पेन्शन मिळालं, तेव्हा कुठे घर सावरलं. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी नव्वदाव्या वर्षी तो गेला.

वॉलेसला मला देव करायचं नाही. हाच माणूस मृतात्म्यांना बोलावणाऱ्या बैठकांवर विश्वास ठेवायचा आणि लस टोचण्याला विरोध करायचा. कालव्यावर जी काटेकोर दृष्टी होती ती तिथे कुठे गेली? म्हणजे दुर्बिणीला डोळा न लावणारा हॅम्पडन थोडाफार आपल्या प्रत्येकात असतो.

मला वाटतं, वॉलेसचं मोजमाप चुकलं नाही, माणूस ओळखायला तो चुकला. लेव्हल पृथ्वीची वक्रता सांगते, समोरच्याला ती मान्य करायला लावत नाही. तेव्हा होस्टेलवर रात्री दोन वाजता वाद रंगला की आधी एवढंच विचारा : काय दिसलं तर तू मत बदलशील? उत्तर आलं तर खुशाल वाद घाला. नाही आलं, तर सरळ झोपा, सकाळी आठचं प्रॅक्टिकल आहे. आणि पैज? चहाच्या वर लावूच नका!

— तृतीय वर्ष, स्थापत्य