रघुनाथ धोंडो कर्वे आणि संततिनियमनाचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांना रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव बहुधा महर्षी कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र एवढ्याच नात्याने ठाऊक असते. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पित्याला जे मानाचे स्थान लाभले, त्याच्या छायेत पुत्राचे कार्य झाकोळले गेले. शिवाय त्या कार्याचा विषयच असा होता की, सभ्य मराठी घरांत त्याचा उच्चारही होत नसे. शरीराविषयी आडपडदा न ठेवता बोलण्याची सवय मराठी गद्याला ज्यांनी लावली, त्यांत रघुनाथरावांचे स्थान अग्रभागी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. १८९१ साली आई राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्यांचे पुढील सारे विचार या एका आघातातून उगम पावले, असे म्हणण्याचा मोह चरित्रकाराला होतो. तो आवरलेला बरा. बाळंतपणात स्त्री दगावणे ही त्या काळी कोकणात काय आणि पुण्यात काय, नित्याची गोष्ट होती, आणि ती नित्याची मानली जाई, हीच खरी अडचण होती. कोवळ्या वयात लग्न, एका पाठोपाठ एक बाळंतपणे, हवा-उजेड नसलेली बाळंतिणीची खोली आणि या साऱ्याविषयी नवऱ्याजवळ वा वैद्याजवळ अवाक्षर काढण्याची चोरी! स्त्रीचा देह हा तिचा नव्हे, घराण्याचा आहे, ही समजूत त्यामागे होती. ती समजूत बाईच्या प्रकृतीवर थेट परिणाम करते, हे रघुनाथरावांनी ओळखले.

व्यवसायाने ते गणिताचे प्राध्यापक. १९१९ साली अधिक अध्ययनासाठी ते पॅरिसला गेले. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते. तेथील ख्रिस्ती चालकांना हा प्रचार मानवला नाही आणि १९२५ मध्ये रघुनाथरावांना नोकरी सोडावी लागली. पुढे संसाराचा भार पत्नी मालतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करून वाहिला. मूल होऊ द्यावयाचे नाही, हा या दांपत्याचा निश्चय होता. चरित्रकथनात मालतीबाईंचा स्वतःचा आवाज फारसा ऐकू येत नाही, ही गोष्ट मात्र खटकल्यावाचून राहत नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. गर्भधारणेचा भार जिला वाहावयाचा, निर्णय तिचाच असला पाहिजे, आणि कामसुख हा पुरुषाइतकाच स्त्रीचाही अधिकार आहे, ही त्यांची भूमिका. ना. सी. फडके यांच्यासारखे समकालीन लेखकही संततिनियमनाचे पुरस्कर्ते होते. परंतु फडक्यांचे लक्ष प्रामुख्याने सुप्रजननाकडे, म्हणजे वंशाच्या गुणवत्तेकडे होते. रघुनाथरावांचा भर व्यक्तीवर होता. तरीही मासिकाकडे येणारी प्रश्नांची पत्रे बहुतांशी मध्यमवर्गीय पुरुषांची असत, आणि ते पुष्कळदा स्वतःच्याच शरीराच्या चिंतेत गुरफटलेले असत. स्त्रीच्या अधिकाराचा कैवार घेणाऱ्या मासिकालाही तिच्या माजघरापर्यंतची वाट पुरुषाच्या ओसरीवरूनच काढावी लागली.

१९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्धा येथे गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने अमान्य करून संयमाचा मार्ग सांगितला. रघुनाथरावांना ब्रह्मचर्य हा उपाय अस्वाभाविक वाटे. आमच्या मते त्यातील मुख्य वैगुण्य वेगळेच आहे: जेथे पत्नीला नकार देण्याची मुभा नाही, तेथे संयम हा अखेर पतीच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर एकाहून अधिक वेळा झाले. व्यभिचारावरील एका लेखाबद्दल १९३१ मध्ये दंड झाला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी निकाल विरुद्धच गेला. ते वकीलपत्र केवळ व्यावसायिक नव्हते. १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो फेटाळला गेला.

कुटुंबनियोजन हे १९५२ पासून सरकारी धोरण झाले. पण त्यात लोकसंख्येचा आकडा पुढे आला आणि स्त्रीचा अधिकार मागे पडला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पतीच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. शस्त्रक्रिया पुरुषाची अधिक सोपी असूनही हा भार तिच्यावरच आहे. साधने आली, ती कोणी सोसावयाची, हे मात्र जुन्याच समजुतीने ठरविले.

पदराला खार लावून सव्वीस वर्षे रघुनाथरावांनी मासिक चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. पिता तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक पुढल्या महिन्यात निघाला.